तिऱ्हाइताने मध्ये बोलावे काय?

आपल्या घरांतून मुलांना काही सूत्रे फार लहानपणी पाठ होतात. ‘रस्त्यात खाऊ नये’, ‘परक्याशी बोलू नये’ आणि ‘आपल्याला काय करायचंय?’ ही त्यांपैकी तीन. पहिली दोन वय वाढते तशी सुटतात. रस्त्यावरची पाणीपुरी आपण कौतुकाने खातो आणि आगगाडीच्या डब्यात समोर बसलेल्या परक्या गृहस्थापुढे घरातली भांडणेसुद्धा उलगडून ठेवतो. तिसरे सूत्र मात्र जन्मभर सुटत नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने सुटे पैसे परत करताना पन्नासची नोट कमी दिली, हे आपल्याला स्वच्छ दिसते. शब्द ओठांपर्यंत येतो. तेवढ्यात आतून कोणीतरी म्हणते, ‘आपल्याला काय करायचंय?’ की तो शब्द गिळला जातो, पिशवी उचलली जाते, आणि घरी आल्यावर तीच हकीकत आपण जेवताना चवीने सांगतो.

कोणी चालत्या गाडीतून पडत असेल, तर हाच मध्यमवर्गीय माणूस पुढे होऊन हात देतो. मग पैशाच्या बाबतीतच तो मागे का सरतो? कारण देणेघेणे ही दोघांची खाजगी गोष्ट, असे त्याने धरून ठेवलेले असते. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले. तिसऱ्याने नाक का खुपसावे?

या तिसऱ्या माणसाला आपल्या भाषेत एक जुना, खणखणीत शब्द आहे: तिऱ्हाईत. आज तो आपण बहुधा तक्रारीच्या सुरात वापरतो. ‘सख्खा भाऊ, पण तिऱ्हाइतासारखा वागतो’ असे म्हणतो. पण भावाभावांत वाटणीचा वाद निघाला, म्हणजे शहाणी माणसे काय म्हणतात? ‘एखाद्या तिऱ्हाइताला विचारू.’ ज्याला त्यातून काही मिळवायचे नाही त्याच्याच शब्दाला वजन असते. संबंध नसणे हा ज्याचा दोष मानला गेला, तोच त्याचा अधिकारही आहे.

ठकलेला आणि नाडलेला

मराठीत फसवणुकीला शब्दांची वाण नाही. ठकवणे, गंडा घालणे, टोपी घालणे, लुबाडणे, पिळणे, नाडणे, अडवून घेणे! वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिले की मुले हसतात. पण जरा बारकाईने पाहिले तर त्यांचे सरळ दोन गट पडतात. ज्याला ठकवले, त्याला आपण ठकलो हे ठाऊकच नसते. ज्याला नाडले, त्याला सगळे ठाऊक असते. पण त्याचा इलाज चालत नाही. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण ठकलेल्याची नव्हे, नाडलेल्याची आहे.

हा भेद शब्दांचा कीस काढण्यासाठी मी सांगत नाही. मदत कोणत्या प्रकारची करावयाची, ते यावरून ठरते. ठकणाऱ्याला माहिती हवी असते. ‘काका, ही पाचशेची नोट दिलीत तुम्ही, दोनशेची नव्हे’ एवढे एक वाक्य त्याला पुरते. नाडलेल्याला माहितीचा काही उपयोग नाही, त्याला सोबत हवी असते. रात्री साडेअकराला स्टेशनबाहेर, कडेवर झोपलेले मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला रिक्षावाला चौपट भाडे सांगतो, तेव्हा मीटरचा दर तिला आपल्याइतकाच पाठ असतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले, हे सांगून तिचे काय भले होणार? तिच्या शेजारी दोन माणसे उभी राहिली आणि त्यांतल्या एकाने ‘मीटरने चला की हो, आम्ही नंबर लिहून घेतलाय’ असे शांतपणे म्हटले, तर मात्र चित्र पालटते.

पैशाचे रूप बदलले, की ठकणाऱ्यांची एक नवी पिढी तयार होते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. हिशेबाने एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत. पण पाव पैसा द्यावयाचा कसा? म्हणून आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. ज्याला ते ठाऊक नाही त्याला एखादा नया पैसा कमी देणे अगदी सोपे होते. पुढे तोळे-शेर जाऊन ग्रॅम-किलो आले, तेव्हाही तेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अडलेल्या माणसाकडून पाचशेची नोट चारशेला घेणारे लोक गल्लोगल्ली निघाले. आणि त्याच रांगांतून अनोळखी म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देणारी तरुण मुलेही निघाली, हेही विसरता कामा नये.

आज पैसा मोबाइलमध्ये गेला आहे. जन्मभर मुलांना व्याजाची गणिते शिकवलेले निवृत्त मुख्याध्यापक आज त्या यंत्रापुढे अडाणी ठरतात. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, तेवढा गुप्त आकडा दाबा’ असे पलीकडचा गोड आवाज सांगतो आणि ते दाबतात. वस्तुतः पैसे येण्यासाठी गुप्त आकडा कधीच लागत नाही. तो लागतो पैसे जाण्यासाठी. बाकावर शेजारी बसलेल्या कोणी ‘आजोबा, थांबा जरा’ म्हटले, तर एखाद्याची आयुष्याची पुंजी वाचते. आणि घटना घडून गेली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितकी मिनिटे लवकर, तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा अधिक.

शंभर रुपये ‘मशीनचे’

माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकीकत मला या संदर्भात फार बोलकी वाटते. ती तालुक्याच्या गावी राहते. अर्जाची प्रत काढायला ती बाजारातल्या एका सेवा केंद्रात गेली होती. तिच्यापुढे एक म्हातारी होती. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये तिला काढावयाचे होते. तिने यंत्रावर अंगठा लावला. दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. केंद्रातल्या तरुणाने तिच्या हातावर चौदाशे रुपये ठेवले.

‘शंभर मशीनचे, आजी.’

म्हातारीने मान डोलावली आणि नोटा कनवटीला लावू लागली. मुलीने भांडण काढले नाही. ती एवढेच म्हणाली, ‘दादा, आजींची पावती निघाली का हो?’

‘कागद संपलाय.’

‘मग आजींच्या मोबाइलवर मेसेज आला असेल. आजी, बघू का मी? नाहीतर तुम्हीच उघडा, मी नुसती वाचते.’

मेसेजात १५०० रुपये गेल्याचे होते. आता मागच्या रांगेतले दोघे-तिघेही वाकून पाहू लागले. तरुणाने काही न बोलता शंभराची नोट काढून पुढे सरकवली. बँकेच्या अशा प्रतिनिधीला त्याचे कमिशन बँकेकडून मिळते; त्याने गिऱ्हाइकाकडून परस्पर पैसे घ्यावयाचे नाहीत, असा नियम आहे. तो नियम म्हाताऱ्या माणसांना ठाऊक नाही, हे त्या तरुणाला पक्के ठाऊक होते.

इथे गोष्ट संपली असती, तर ती एखाद्या शालेय पुस्तकात शोभली असती. पण बाहेर आल्यावर म्हातारीने मुलीचा हात धरला आणि विचारले, ‘बये, पुढच्या महिन्याला मला इथंच यायचंय. तवा तू असशील का?’

या प्रश्नात सगळे आले. तिऱ्हाईत बोलून निघून जातो. नाडलेल्याला त्याच दारात पुन्हा जायचे असते. किराणा उधार देणारा वाणी, घरमालक, मुकादम, केंद्र चालवणारा तरुण, यांच्याशी गरिबाचा संबंध एका दिवसाचा नसतो. आपण तावातावाने बोलून आपल्या मनाचे समाधान करून घेतो आणि त्याची किंमत पुढे महिनाभर दुसरा मोजतो, असे होता उपयोगी नाही.

त्या मुलीने म्हातारीला भाबडे वचन दिले नाही. टपाल कचेरीतही अंगठा लावून हे पैसे काढता येतात, हे तिने तिला सांगितले, पोस्ट दाखवून आणले आणि आळीतल्या आणखी तिघींना एकाच दिवशी बरोबर घेऊन जायला सुचवले. एकट्या म्हातारीला ‘मशीनचे शंभर’ सांगणे सोपे आहे. चौघींना सांगणे अवघड. ही मदत शंभर रुपये परत मिळवून देण्यापेक्षा मोठी होती, असे मला वाटते.

गर्दीत सगळेच गप्प का?

त्या केंद्रात रांगेत आणखी माणसे होती. त्यांनाही दिसत होते. मग ती का बोलली नाहीत? ती वाईट होती, असे मी म्हणणार नाही. १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी यंत्रावरून एकमेकांशी बोलत होते. मध्येच त्यांतल्या एकाला झटका आल्याचे ऐकू येई. ते आपण एकट्यानेच ऐकले, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी शेकडा ८५ जण झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी शेकडा ३१ च उठले. माणसे तीच, फक्त जबाबदारी पाच जणांत वाटली गेली.

आपल्या बाजारांत, बँकांत, स्टँडवर तर पन्नास माणसे असतात! प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, दुसरा गप्प आहे म्हणजे काही विशेष नसेल असे समजतो, आणि दुसराही त्याच्याकडे पाहून हेच समजत असतो. म्हणून पहिला बोलणारा महत्त्वाचा. त्याने तोंड उघडले की मागचे दोघे-तिघे आपोआप वाकून पाहू लागतात. त्या केंद्रात झाले ते हेच.

वहीचा साक्षीदार

पैशाच्या व्यवहारात तिसऱ्या माणसाची गरज आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे ओढून काढावयाचे आणि जाळावयाचे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्याच्यावर आपण नुसता अंगठा उठवला, त्याच कागदाने जमीन जाते, याचा तो संताप होता.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यातल्या दोन तरतुदी मला विशेष वाटतात. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकाने लिहावा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, ही एक. आणि पैसे फेडल्याबद्दल लेखी पावती मागण्याचा हक्क ऋणकोला आहे, ही दुसरी. म्हणजे कायद्याने केले काय? दोघांच्या मध्ये एक तिऱ्हाईत बसवला आणि एक पावती ठेवली. त्या मुलीने सेवा केंद्रात विचारलेला प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांचा जुना आहे!

पुढच्या काळातले पुष्कळसे कायदे याच वाटेने गेले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो अंमलात आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. बेकायदा सावकारीला आळा घालणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१४ चा आहे. ही कायद्यांची यादी पाठ करा, असे मी म्हणत नाही. पण मध्ये बोलणाऱ्याला नियम नेमका ठाऊक असावा. दुकानात बंद बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे खरे. पण टेबलाशी बसून खाण्याच्या हॉटेलांना तो नियम तसाच लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. तिथे जाऊन तावातावाने वाद घालणारा तिऱ्हाईत स्वतःचे हसे करून घेतो. उलट, दहा रुपयांचे नाणे ‘चालत नाही’ म्हणून म्हाताऱ्याला परत पाठवणाऱ्या दुकानदाराला खुशाल सांगावे, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे.

फसवणारे आपणच असलो तर?

येथवर वाचून आपल्या डोळ्यांपुढे दुकानदार आणि रिक्षावाले उभे राहिले असतील. पण ठकणारा दर वेळी गिऱ्हाईकच असतो काय? पदपथावर बसलेल्या भाजीवालीकडून पाव किलो भेंडी घेऊन वर मूठभर मिरच्या, चार काड्या कोथिंबीर आणि जाता जाता एक लिंबू उचलणारी माणसे कोण असतात? मोटारीच्या काचेतून पणत्यांचा भाव निम्म्यावर पाडून घेणारी कोण असतात? ती आपलीच, शिकलेली, दिवाळी अंक वाचणारी माणसे.

हल्ली तर एक नवीन चलाखी निघाली आहे. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र मोबाइलवर दाखवायचे आणि चालते व्हायचे. म्हणून फळवाल्याच्या गाडीवरसुद्धा ती बोलकी पेटी आली. ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असे ती ओरडते, तेव्हा आपल्याला हसू येते. मला मात्र वाटते, की हा एक यांत्रिक तिऱ्हाईतच आहे. आपण माणसे मध्ये बोलेनाशी झालो, म्हणून बिचाऱ्या पेटीला बोलावे लागते!

कसे बोलावे?

मध्ये बोलण्याची काही गृहस्थांना हौसही असते. बाईने साडी घेऊन पैसे चुकते केले, की ‘हीच मी शंभर रुपये कमीत घेतली’ असे सांगणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. ती मदत नव्हे, ते मीठ चोळणे होय. दोघांनी समजून-उमजून ठरवलेला भाव आपल्याला महाग वाटला, म्हणून तो अन्याय होत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आज मदतीला येणारा परका माणूसच चोर असण्याचा संभव असतो. पैसे काढण्याच्या यंत्रापाशी ‘काका, मी करून देतो’ म्हणत कार्ड बदलून नेणारे भामटे काही थोडे नाहीत. तेव्हा परक्याने आपल्यावर विश्वास का ठेवावा? ठेवू नये, हेच बरे. आणि तशी गरज पडणार नाही अशीच मदत करावी. दुसऱ्याच्या नोटा, कार्ड किंवा मोबाइल हातात घेऊ नये. गुप्त आकडा टाकताना मान वळवावी. ‘नाहीतर तुम्हीच उघडा, मी नुसती वाचते’ हे त्या मुलीचे वाक्य म्हणूनच मला पुन्हा पुन्हा आठवते.

आधी अडलेल्याला विचारावे, मग अडवणाऱ्याला. ‘ताई, काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणाली, तर नमस्कार करून बाजूला व्हावे. तिची अब्रू तिच्या शंभर रुपयांपेक्षा तिला अधिक प्रिय असू शकते. दुसऱ्या पक्षावर चोरीचा आरोप करण्याऐवजी पावती मागावी, वजन पुन्हा करायला सांगावे, सुटे पुन्हा मोजू म्हणावे. खरोखर चूक झाली असेल तर ती दुरुस्त करायला त्याला वाव राहतो आणि लबाडी असेल तर मुकाट्याने मागे घ्यायलाही. समोरचा हातघाईवर येईल असे दिसले, तर एकट्याने शौर्य न दाखवता आजूबाजूच्या चौघांना हाक मारावी किंवा पोलिसांना बोलवावे. आणि व्यवहार पुरा होईपर्यंत तिथून हलू नये. अर्ध्यावर सोडून जाणारा कैवारी अडलेल्याला पहिल्यापेक्षा अधिक एकटे करतो.

हे सगळे करून दर वेळी यश येईलच, असे नाही. कधी दुकानदार ऐकणार नाही, कधी ज्याच्यासाठी बोललो तोच ‘तुम्हाला काय करायचंय?’ म्हणेल. म्हणू दे. त्याच्याही घरी ते सूत्र लहानपणीच पाठ झालेले असते.

दिवाळीत व्यापारी वह्यांची पूजा करतात. ज्या वहीत देणे देण्याच्या बाजूला आणि येणे येण्याच्या बाजूला लिहिलेले असते, ती पूजेला योग्य, हाच त्यामागचा भाव असावा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तशी वही नसते. पण पाडव्याच्या खरेदीला आपण मुलांचे बोट धरून बाजारात जातो. शेजारच्या परक्या आजीच्या हातात सुटे कमी पडले आणि ‘आजी, मोजून घ्या बरं का’ असे आपण सहज म्हटले, तर बोट धरून उभे असलेले मूल ते ऐकते. पुढे त्याच्यावर तशी वेळ येईल तेव्हा आपण बरोबर नसू. पण ते वाक्य त्याला पाठ झालेले असेल.